रात्री सनस्क्रीन पुरते कसे उतरवावे

रात्री फेसवॉशने चेहरा धुऊन झाला की लगेच टॉवेलकडे हात नेऊ नये. आरशासमोर उभे राहून कानशिलांवर, जबड्याच्या कडेला आणि कपाळावर केस सुरू होतात तिथे पाणी कसे वागते, ते क्षणभर पाहावे. जिथे पाण्याचा पातळ, सलग थर पसरतो तिथली त्वचा मोकळी झालेली असते. जिथे ते अळवावरच्या पाण्यासारखे थेंबाथेंबाने ओघळून जाते, तिथे सकाळी लावलेल्या सनस्क्रीनचा पापुद्रा बहुधा अजून जागेवर आहे. बऱ्याचदा गालांचा मधला भाग स्वच्छ झालेला असतो आणि कडा तशाच राहिलेल्या असतात, कारण हात आधी गालांवर फिरतात आणि कडांपर्यंत पोचण्याआधीच फेस धुऊन टाकलेला असतो.

हा पापुद्रा चिवट असतो, कारण तो चिवट व्हावा म्हणूनच बनवलेला असतो. सनस्क्रीनमधले अतिनील किरण अडवणारे घटक ढोबळपणे दोन प्रकारचे असतात. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही पाण्यात न विरघळणारी बारीक खनिज पूड असते, आणि ती क्रीममध्ये नीट मिसळावी म्हणून तिच्या कणांवर अनेकदा सिलिकोनसारख्या पाणी झटकणाऱ्या पदार्थाचे अस्तर चढवलेले असते. अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन यांसारखी सेंद्रिय रसायने तेलात विरघळतात; पाण्याशी त्यांचे जमत नाही. या सगळ्यांना त्वचेवर धरून ठेवण्यासाठी पातळ पडदा तयार करणारी पॉलिमर घातलेली असतात, आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारांत त्यांच्यावर विशेष भर असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांनुसार असा दावा करणाऱ्या बाटलीवर ४० मिनिटे किंवा ८० मिनिटे असा काळ छापावा लागतो. तेवढा वेळ पाण्यात राहूनही वर छापलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा, टिकतो, असा त्याचा अर्थ. जे ८० मिनिटे पाण्यात टिकते ते पंधरा सेकंदांच्या तोंड धुण्याने निघून जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय एसपीएफची चाचणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा भरपूर थर लावून केली जाते. त्यामुळे जो माणूस सनस्क्रीन पुरेसे लावतो आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावतो, त्याच्या चेहऱ्यावर संध्याकाळपर्यंत दोन-तीन थर, त्यांत मिसळलेला घाम, त्वचेचे स्वतःचे तेल आणि धूळ असा एकजीव लेप झालेला असतो.

त्याच वेळी, या लेपाची धास्ती घेण्याचेही कारण नाही. लहान बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर लावायच्या मलमात झिंक ऑक्साइडच असते आणि ते रात्रभर त्वचेवर राहते. एखाद्या रात्री सनस्क्रीन थोडे राहून गेले म्हणून त्वचा बिघडत नाही. ते रोज काढावे याची कारणे साधी आहेत. ज्यांना पुळ्या-मुरूम येतात त्यांच्या रोमछिद्रांत रोजचा उरलेला थर तेलासह साचून भर घालतो. त्यावर लावलेले मॉइश्चरायझर किंवा औषधी क्रीम त्वचेशी नीट भिडत नाही आणि बोटाखाली त्याच्या बारीक वळ्या होतात. आणि झोपेत घाम आला की सनस्क्रीन डोळ्यांत उतरून चुरचुरते. या तिन्ही तक्रारींवर उपाय म्हणून लोक बहुधा जास्त कडक फेसवॉश आणतात किंवा स्क्रबने घासू लागतात. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो. तेलात विरघळणारी गोष्ट घासून काढण्यापेक्षा तिला विरघळायला योग्य माध्यम आणि मिनिटभर वेळ देणे त्वचेला कितीतरी सोसवते.

आज कोणती पद्धत, हे आधी ठरवावे

दोनदा चेहरा धुण्याची, म्हणजे आधी तेलाने आणि मग फेसवॉशने धुण्याची पद्धत आता सगळीकडे रोजचा नियम म्हणून सांगितली जाते. ती दररोज प्रत्येकाला लागत नाही. दिवस घरात गेला असेल, सकाळी हलके, पाण्याला न टिकणारे सनस्क्रीन एकदाच लावले असेल आणि वर मेकअप नसेल, तर एक सौम्य फेसवॉश पुरतो. फक्त तो घाईने न वापरता पूर्ण मिनिटभर चेहऱ्यावर फिरवावा. सनस्क्रीन वॉटर रेझिस्टंट असेल, जाड पांढरट खनिज प्रकारचे असेल, दिवसातून दोन-तीन वेळा लावलेले असेल किंवा त्यावर फाउंडेशन असेल, तर मात्र तेलाचा टप्पा आधी घ्यावा, कारण अशा थरापुढे नुसता फेस अपुरा पडतो. ज्यांची त्वचा फार कोरडी आहे किंवा ज्यांना एक्झिमाचा त्रास आहे, त्यांनी उलट दिशेने विचार करावा: चांगले धुतले जाणारे क्लिन्झिंग ऑइल किंवा दुधासारखे क्रीम क्लिन्झर एकटेच वापरून पाहावे आणि फेसवॉशचा टप्पा गाळावा.

क्लिन्झिंग ऑइल आणि साधे तेल यांतला फरक इथे नीट समजून घ्यायला हवा. क्लिन्झिंग ऑइलमध्ये तेलाबरोबर इमल्सिफायर, म्हणजे शास्त्राच्या पुस्तकांतला पायसीकारक असतो. त्याच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. पाणी लागताच तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात आणि धुतले जातात. साध्या तेलात ही सोय नसते. ते सनस्क्रीन विरघळवते खरे, पण स्वतःच चेहऱ्यावर बसून राहते. बाटलीवर काहीही लिहिलेले असो, परीक्षा घरी करता येते. तळहातावर तेलाचे चार-पाच थेंब घ्यावेत, त्यांत तेवढेच पाणी टाकून बोटाने फिरवावे. मिश्रण दुधासारखे पांढरे होऊन सहज ओघळले तर ते क्लिन्झर म्हणून वापरण्याजोगे आहे. तेलाचे डोळे तसेच तरंगत राहिले आणि धुतल्यावरही तळहात तुपकट राहिला, तर चेहऱ्यावरही तेच होणार. क्लिन्झिंग बामला, म्हणजे डबीत मिळणाऱ्या घट्ट क्लिन्झिंग ऑइललाही, हीच परीक्षा लागू आहे. महागडी बाटली आणि स्वस्त बाटली यांच्यात सुगंध, पोत आणि पंपाची ऐट असा फरक सापडतो, पण या परीक्षेत दोन्ही सारख्याच उतरू शकतात.

तेलाचा टप्पा

आधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. केस पट्टीने मागे घ्यावेत, आणि ती पट्टी कपाळाच्या मधोमध न बांधता केसांच्या मुळांवर सरकवावी. नाहीतर पट्टीखालचा भाग तसाच राहतो. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या याच वेळी, तेलाला हात लावण्याआधी काढाव्यात. तेलकट बोटांनी लेन्स काढल्यास तिच्यावर तेलाचा थर बसतो आणि तो सहज जात नाही.

चेहरा या वेळी कोरडाच असायला हवा. आधी पाणी लागले तर पायसीकारक त्या पाण्याशी लगेच संधान बांधतो, आणि सनस्क्रीन विरघळवण्याआधीच तेल दुधाळ होऊन त्याचा जोर जातो. न्हाणीघरात शिरल्याबरोबर सवयीने तोंडावर पाण्याचा हबका मारणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. तेलाचे दोन ते तीन पंप, किंवा अर्धा चहाचा चमचा, किंवा बोराएवढा बाम घ्यावा. यात काटकसर करू नये. तेल कमी पडले की बोटे अडखळतात, आणि अडखळलेली बोटे त्वचा ओढतात.

तळहातांवर तेल पसरून आधी गाल आणि कपाळ, मग नाक, हनुवटी आणि शेवटी कडा, या क्रमाने हलक्या हाताने गोलाकार फिरवावे. एकूण पाऊण ते एक मिनिट लागते. पहिली दहा-पंधरा सेकंदे बोटांखाली किंचित चिकट, रबरी अटकाव जाणवतो. कधी सनस्क्रीनच्या बारीक पांढऱ्या वळ्याही होतात. मग तो अटकाव एकाएकी सुटतो आणि बोटे मऊपणे घसरू लागतात. पापुद्रा सुटल्याची खूण हीच, आणि घड्याळापेक्षा तिच्यावर विसंबावे. गालांवर ती लवकर मिळते, नाकाच्या पाळीशी उशिरा.

राहून जाणाऱ्या जागा जवळपास ठरलेल्या असतात. नाकपुडीच्या बाजूची घडी, भुवयांच्या आत, खालच्या ओठाखालचा खळगा, कानाची पाळी आणि कानामागचा भाग, जबड्याच्या हाडाखालची बाजू, मानेची बाजू. भुवयांवर बोट आधी केसांच्या उलट आणि मग सुलट फिरवावे. नाकाच्या घडीत मधल्या बोटाचे टोक वरखाली हलवावे. तिथे जोर द्यायचा मोह होतो, पण ती त्वचा लवकर लाल होते. माझ्या जबड्याखाली कित्येक महिने बारीक पुळ्यांची रांग असायची आणि त्याचा दोष मी सनस्क्रीनलाच देऊन ते तीन वेळा बदलले. शेवटी ध्यानात आले, की सनस्क्रीन मानेपर्यंत लावण्याची शिस्त होती आणि धुणे मात्र हनुवटीलाच संपत होते.

दाढी असल्यास तेल केसांवरून फिरवून भागत नाही. बोटांची टोके केसांत घालून त्वचेपर्यंत न्यावी लागतात, आणि पुढे धुतानाही तेवढाच वेळ द्यावा लागतो.

पांढरे दूध व्हायलाच हवे

आता हात नळाखाली ओले करून, त्यांत साठेल एवढेच पाणी घेऊन, त्याच तेलकट चेहऱ्यावर पुन्हा गोलाकार फिरवावे. तेल पांढरे, पातळ दुधासारखे होते. पुन्हा हात ओले करून पुन्हा फिरवावे, असे दोन-तीन वेळा, कडांसकट. मगच ओंजळीने पाणी मारून धुवावे. सगळ्या पद्धतीत हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो, आणि क्लिन्झिंग ऑइलने पुळ्या आल्या, चेहरा चिकट राहिला, या तक्रारींच्या मुळाशी अनेकदा हेच असते. तेलाने सनस्क्रीन विरघळवून आपल्यात घेतलेले असते. ते तेलच नीट निघाले नाही, तर सनस्क्रीन एका थरातून दुसऱ्या थरात गेले एवढेच घडते. एकदम खूप पाणी ओतल्यास तेलाचे मोठे गोळे होऊन ते त्वचेवर आणि केसांच्या मुळांशी अडकतात, म्हणून सुरुवातीला पाणी थोडेच घ्यावे.

पाणी कोमट असावे, मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार ना गरम वाटेल असे. फार गार पाण्यात बाम घट्ट होतो आणि निघायला त्रास देतो. गरम पाणी त्वचेची स्वतःची स्निग्धता नेते. आठ-दहा ओंजळी पाणी जास्त नाही. धुऊन झाल्यावर ओली बोटे कानामागून आणि केसांच्या कडेने एकदा फिरवून पाहावीत. तिथे घसरण लागली, तर तिथेच पुन्हा पाणी घ्यावे.

फेसवॉश: थोडा आणि सौम्य

मुख्य काम झालेले असल्यामुळे या फेसवॉशने उरलेला तेलाचा अंश तेवढा न्यायचा असतो. म्हणून तो मोठ्या वाटाण्याएवढाच घ्यावा, ओल्या तळहातांवर चोळून मगच चेहऱ्यावर लावावा आणि अर्ध्या मिनिटात धुवावा. फेसाच्या प्रमाणावरून सफाईचा अंदाज बांधू नये. भरपूर फेस ही घटकांच्या निवडीची करामत असते आणि कमी फेसाचे क्लिन्झर तितकेच चांगले काम करू शकते. अंगाचा साबण मात्र इथे नको. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल, साधारण ५ पीएचच्या आसपास असतो, तर पारंपरिक साबणाचा पीएच ९ ते १० असतो. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस देणारा घटक त्वचारोगाच्या प्रयोगांत त्वचेचा दाह मुद्दाम घडवून पाहण्यासाठी वापरतात, एवढे सांगितले की घटकांच्या यादीत त्याचे नाव वरच्या जागी असलेला फेसवॉश दिवसाअखेर का टाळावा, हे स्पष्ट होते.

केवळ फेसवॉशनेच सनस्क्रीन काढणाऱ्यांनी याच टप्प्यावर वेळ वाढवावा: चेहरा ओला करून पूर्ण मिनिटभर, कडांपासून सुरुवात करून मध्याकडे येत. गरज वाटल्यास धुऊन पुन्हा थोडा घ्यावा. थोडा थोडा दोनदा घेतलेला फेसवॉश एकदाच ढीगभर घेतल्यापेक्षा उपयोगी पडतो, कारण पहिल्या खेपेचा बराचसा जोर वरवरच्या तेलावर खर्च होतो.

मग मऊ टॉवेलने टिपावे; पुसू नये. खात्री करायची असेल तर पांढरा कापूस ओला करून जबड्यावरून आणि कानाच्या पुढून एकदा हलकेच फिरवावा. त्यावर पिवळट किंवा पांढरट चिकट रेघ आली, तर ती जागा उद्यापासून लक्षात ठेवावी. आजच पुन्हा सगळा चेहरा धुवायला घेऊ नये. ही तपासणी आठवड्यातून एखाद्या दिवशी पुरे. रोज कापूस फिरवणे हेही घासणेच आहे, आणि कापूस जरासा मळका दिसला म्हणून अस्वस्थ होणाऱ्या माणसाला ते थांबवता येत नाही.

त्वचा अजून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. रेटिनॉइड, म्हणजे मुरूम-सुरकुत्यांवरची व्हिटॅमिन ए वर्गातली क्रीम, वापरत असल्यास मात्र चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ओल्या त्वचेवर ते अधिक झोंबू शकते.

हाताशी क्लिन्झिंग ऑइल नसेल तेव्हा

प्रवासात मायसेलर वॉटर सोयीचे असते. त्यात फेस देणाऱ्या घटकांचेच सूक्ष्म पुंजके पाण्यात तरंगत असतात आणि ते तेलकट मळ आपल्या पोटात घेतात. कापूस चांगला भिजवून कपाळावर, मग गालावर दहा सेकंद नुसता टेकवून ठेवावा आणि मग एकाच दिशेने सावकाश ओढावा. लगेच पुसायला सुरुवात केल्यास कापूस कोरडा पडून खरवडतो. बाटलीवर धुण्याची गरज नाही असे लिहिलेले असले, तरी धुणे शक्य असेल तर धुवावे, कारण तेही शेवटी पातळ क्लिन्झरच आहे आणि संवेदनशील त्वचेवर रात्रभर राहिल्यास चुरचुरू शकते. साधे मिनरल ऑइल वापरायचे झाल्यास आधी तेल फिरवून, कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने ते टिपून काढावे आणि मग फेसवॉश घ्यावा. त्याऐवजी वनस्पतितेल घेणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी: मॅलसेझिया या यीस्टमुळे कपाळावर किंवा छातीवर खाजणाऱ्या सारख्या आकाराच्या बारीक पुळ्या येत असतील, तर ही तेले टाळावीत, कारण त्यांतली मेदाम्ले हेच त्या यीस्टचे खाद्य असते. मिनरल ऑइलवर ते वाढत नाही. अशा पुळ्यांचे निदान मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. नेहमीचे मुरूम समजून महिनोन्‌महिने भलतेच उपचार चालू राहतात.

डोळ्यांभोवती बोटांऐवजी भिजवलेला कापूस मिटलेल्या पापणीवर टेकवणे बरे. मुलांच्या चेहऱ्याला सौम्य, डोळ्यांना न झोंबणारा बेबी वॉश आणि मऊ ओले कापड एवढे पुरते. वॉटर रेझिस्टंट सनस्क्रीनचा पांढरा थर दिसत असेल, तर आधी थोडे बेबी ऑइल लावून मग धुवावे. हातापायांसाठी वेगळे क्लिन्झर घेण्याची गरज नाही. अंघोळीच्या वेळी बॉडी वॉश आणि ओले कापड दोनदा फिरवले की काम होते. तेल वापरायचेच असेल तर ते न्हाणीघरात उभे राहून लावू नये. ओल्या फरशीवर सांडलेल्या तेलाने पाय घसरतो.

टॉवेलबद्दल थोडेसे. पांढऱ्या टॉवेलवर आणि शर्टाच्या कॉलरवर गंजासारखे नारिंगी डाग पडू लागले, तर टॉवेल जुना झाला असे समजू नये. अ‍ॅव्होबेन्झोनची पाण्यातल्या लोहाशी क्रिया होऊन असे डाग पडतात. त्यांवर क्लोरीनचे ब्लीच टाकल्यास ते आणखी गडद होतात. लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल लावून मग धुतल्यास पुष्कळ फिके होतात. टॉवेलवर असे डाग वरचेवर दिसणे म्हणजे चेहऱ्यावरचे सनस्क्रीन नाल्यात न जाता टॉवेलमध्ये जात आहे.

जास्त धुतले जात असेल तर

धुतल्यावर पाच मिनिटांत गाल ओढल्यासारखे वाटणे, त्वचेला प्लॅस्टिकसारखी कोरडी चमक येणे, नेहमीचे मॉइश्चरायझर अचानक झोंबू लागणे, नाकाच्या बाजूला लाली टिकून राहणे, या खुणा सफाई पुरेशी न झाल्याच्या नसून अति झाल्याच्या आहेत. बोट फिरवल्यावर ‘कच’ असा आवाज येणारी त्वचा स्वच्छ समजण्याची सवय भांड्यांवरून आलेली आहे. अशा वेळी आधी फेसवॉशचा टप्पा बंद करावा आणि तेलाचा ठेवावा. स्क्रब, आम्लयुक्त टोनर आणि रेटिनॉइड आठवडाभर बाजूला ठेवावेत. सकाळी चेहऱ्यावर उतरवण्यासारखे काही नसतेच, तेव्हा नुसते पाणी पुरते. एवढे करूनही त्रास तसाच राहिला, तर धुण्याची पद्धत कारण नसावी, डॉक्टरांना दाखवावे.

चेहरा धुण्यासाठी झोपायची वेळ होईपर्यंत थांबण्याचे काही कारण नाही. बाहेर जाणे संपले आणि ऊन मावळले की तेव्हाच धुऊन टाकावा. डोळे मिटू लागल्यावर कानामागे आणि मानेवर मिनिटभर बोटे फिरवण्याचा उत्साह कोणालाच नसतो, आणि खरी सफाई त्याच मिनिटात असते. तरीही उशीर झालाच आणि अंगात त्राणच नसले, तर फेसवॉश मिनिटभर, केसांच्या कडेपासून सुरू करून, एकदाच. टिपून मॉइश्चरायझर, आणि झोपावे. राहिलेले उद्या संध्याकाळच्या तेलाने निघते.